परक्याचा भाव

“इथला डायरेक्टर कोण?”

दारात उभ्या राहिलेल्या बाईंनी हे विचारलं तेव्हा मास्तर कटिंगच्या टेबलावर ओणवे होऊन कापडाच्या थरावर खडूने बाही आखत होते. त्यांनी मान वर केली नाही. डायरेक्टर वगैरे मंडळी रस्त्यापलीकडच्या ऑफिसात बसतात, इकडे फक्त राबणारे असतात, असा त्यांचा साधा समज होता.

“पलीकडच्या इमारतीत बघा,” ते म्हणाले. “आणि बाई, टेबलापासून जरा लांब. डाग पडला तर अख्खा थर वाया जातो.”

बाई हलल्या नाहीत. त्यांच्यामागे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले आणखी दोघे होते. बाईंनी हातातल्या कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं. मशीनवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. असल्या नावाचं कुणी कारखान्यात आहे हे एकीलाही आठवेना. शेवटी काजाच्या मशीनवरची म्हातारी, जिला सगळे काजवालीच म्हणत, तिने कपाळावर हात मारला. “अहो मास्तर, ते तुम्हीच की!”

खोलीभर हशा पिकला. मास्तरही हसले. खडूचे हात विजारीला पुसत पुढे आले आणि म्हणाले, “हो हो, मीच तो. कागदावरचा.”

“आम्हाला कागदावरचाच हवाय,” बाई म्हणाल्या. त्या मात्र हसल्या नव्हत्या.

त्या कर खात्याच्या अधिकारी होत्या. इस्त्री होऊन पुठ्ठ्यावर बसवलेला एक शर्ट त्यांनी उचलला, उलटसुलट पाहिला.

“हा कितीला विकता?”

“मी कुठे विकतो? मी कापतो.”

“तुमची कंपनी कितीला विकते?”

“ते ऑफिसात ठाऊक.”

“भावाच्या कागदावर सही तुमची आहे.” बाईंचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. “बरं, कुणाला विकता?”

हे मास्तरांना नक्की माहीत होतं. “समोर आपलंच दुकान आहे ना, तिथे जातो माल. हातगाडीवर टाकला की रस्ता ओलांडला, झालं.”

“कागदावर तसं नाही. तुमची कंपनी हा माल बंदराजवळच्या एका व्यापारी कंपनीला विकते. तिथे कर माफ आहे. मग ती कंपनी तोच माल दुकानाला विकते. तिथून जो भाव निघतो तो तुमच्या भावाच्या पाचपट आहे.” बाईंनी शर्ट खाली ठेवला. “तुम्ही ज्या भावात विकता, मास्तर, त्यात नुसतं कापडही येत नाही. शिलाई तर फुकटच झाली म्हणायची.”

तोवर एकेक मशीन थांबत गेलं होतं. कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर मास्तरांची सख्खी धाकटी बहीण बसायची. घरात तिला धाकटी म्हणत, म्हणून कारखान्यातही ती धाकटीच झाली होती, स्वतः आजी झाली तरी. तिने मशीनवरचा पाय काढला आणि भावाकडे बघत राहिली.

मास्तर आणि मालक यांची ओळख, मालकाला मालक म्हणणारं कुणी नव्हतं तेव्हापासूनची. भाड्याची एक शेड, दोन जुनी मशीनं, आणि मालक स्वतः खांद्यावर कापडाचा तागा टाकून बाजारातून चालत यायचा. दुपारी मास्तरांच्या डब्यातलं अर्धं मालकाच्या पोटात जायचं. पुढे मालकाचं नशीब फळफळलं. कारखाना झाला, दुकानं झाली, दोरा-बटणं पुरवणारी एक कंपनी झाली, मशीनं भाड्याने देणारी एक कंपनी बायकोच्या नावाने झाली. बंदराजवळची ती व्यापारी कंपनी म्हणजे एक खोली, एक टेबल आणि कुलूप. मास्तरांनी ती कधी पाहिली नव्हती. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतंही.

“तू काय परका आहेस का?” हे मालकाचं आवडतं वाक्य. पगारवाढीचं काढलं की मालक मास्तरांच्या खांद्यावर हात टाकायचा. “अरे, पगार परक्याला ठरवून देतात. तू घरचा. लागेल तेव्हा माग.” आणि मागितलं की द्यायचाही, खोटं कशाला बोला. मास्तरांच्या बायकोला दमा होता. तरुणपणी ती याच कारखान्यात दोरे कातरायची, तेव्हा छातीत गेलेला कापडाचा धुरळा काही बाहेर निघाला नाही. तिला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तेव्हा बिल मालकाने भरलं. कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेली खोली राहायला दिली. मास्तर त्या उपकाराखाली असे वाकले की पुढे ताठ उभं राहायचं म्हटलं तरी पाठ दुखावी.

एके दिवशी मालक त्या खोलीत येऊन पलंगावर बसला. “शिलाईची कंपनी वेगळी काढतोय,” म्हणाला. “डायरेक्टर कुणाला करू? परक्याच्या हातात किल्ल्या देऊ?” मास्तरांच्या बायकोने त्याच्या चहात साखर जास्तच घातली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं. धाकटीलाही सांगितलं.

“पगार वाढला का?” धाकटीने विचारलं.

“अगं, मानाचं पद आहे,” मास्तर म्हणाले.

“मग आज तो मानच शिजव, वहिनी,” धाकटी म्हणाली. “मीठ जरा बेताने घाल.”

तेव्हापासून दर महिन्याला हिशेबनीस कागद घेऊन यायचा. सही कुठे करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारलेली असायची. “इथे, इथे आणि इथे.” मास्तर कात्री बाजूला ठेवायचे, सह्या करायचे, कात्री उचलायचे. काय लिहिलंय हे विचारणं म्हणजे मालकावर संशय घेणं, असं त्यांना वाटायचं. घरच्या माणसाने घरच्याचा हिशेब तपासायचा असतो का?

बायकांशी करार असा होता की कारखान्याला नफा झाला तर वर्षाच्या शेवटी त्यातला वाटा मिळेल आणि शिलाईचा दर वाढेल. नफा कधी झालाच नाही. दर वर्षी मालक मास्तरांना बोलावून सांगायचा, “तोटा आहे रे. तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात.” मग मास्तर स्टुलावर उभे राहून सांगायचे. मालकाने सांगितलं असतं तर बायकांनी मानलं नसतं, गोंधळ घातला असता. मास्तरांनी सांगितलं की त्या मुकाट्याने मशीनवर बसायच्या. मास्तर खोटं बोलणार नाहीत, एवढी त्यांची पत होती. आणि मास्तर खोटं बोलतही नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सांगत होते.

असाच तो एक वर्षअखेरचा दिवस. धाकटीच्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. धाकटी भावापाशी आली. “दादा, वाटा राहू दे, उचल तरी मिळव. पोरगी हुशार आहे रे.” मास्तर मालकाकडे गेले. मालकाने हळहळून मान हलवली. “माझं मन मोठं आहे, पण तोट्यातल्या कंपनीतून उचल कशी काढू? कायदा आहे.” मास्तर परत आले आणि तेच बहिणीला सांगितलं. जागेची मुदत टळली. मुलगी आईशेजारच्या मशीनवर बसली, पुढे तिचं लग्न झालं आणि ती लांब गेली. त्यावर भावाबहिणीत कधी बोलणं झालं नाही. तोट्याला कोण काय करणार?

अधिकारी येऊन गेल्यावर मालकाने मास्तरांना ऑफिसात बोलावलं. तिथे वकील बसला होता. तो गोरागोमटा, मृदू बोलणारा माणूस होता. मास्तरांना त्याने खुर्ची दिली, त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

“हे बघा मास्तर, घाबरायचं कारण नाही. एकाच मालकाच्या दोन धंद्यांनी आपसात देवघेव करू नये असं कायदा म्हणत नाही. बिनधास्त करा म्हणतो. त्याच्या अटी दोनच. एक, आमचं नातं आहे, मालक एकच आहे, हे आधी उघड सांगा. आणि दुसरी, भाव असा लावा जसा परक्याला लावाल.”

“परक्याला?”

“म्हणजे रस्त्यावरून कुणी अनोळखी व्यापारी आला, तर त्याला तुम्ही शर्ट ज्या भावाने द्याल, तोच भाव आपल्याच दुसऱ्या कंपनीला. नाहीतर काय होतं, जिथे कर आहे तिथे माणूस तोटा दाखवतो आणि जिथे कर नाही तिथे नफा नेऊन ठेवतो. या खिशातलं त्या खिशात. सरकारला तेवढं कळतं.”

“आणि आपण काय केलंय?” मास्तरांनी मालकाकडे पाहत विचारलं.

मालक खिडकीबाहेर पाहत होता. वकीलच बोलला. “तुमच्या सहीने दर वर्षी एक कागद गेलाय. त्यात लिहिलंय की व्यापारी कंपनीशी आमचं काही नातं नाही आणि भाव बाजाराप्रमाणे आहे.”

“मी असं लिहिलं?”

“सही केलीत.”

मग मालक उठून आला आणि नेहमीसारखा मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला. “तू एवढंच सांगायचं. ‘भाव मी ठरवला. माल जुना झाला होता, शिलाईत खोट होती, म्हणून स्वस्त काढला. मला व्यवहारातलं कळत नाही, चूक झाली.’ म्हणजे ती चूक होते, लबाडी होत नाही. दंड पडला तर मी भरेन. आणि ती खोली, ती तुझ्या नावावर करून टाकतो. वहिनींना या वयात कुठे हलवणार?”

यातली बाकीची वाक्यं मास्तर विसरले असते. ‘शिलाईत खोट होती’ हे तेवढं छातीत रुतलं. त्यांच्या टेबलावरून गेलेल्या मालात आजवर कुणी खोट काढली नव्हती.

संध्याकाळी धाकटी खोलीवर आली. बायको उशीला टेकून बसली होती, श्वासाची शिट्टी वाजत होती. मास्तरांनी जसं होतं तसं सांगितलं. सांगताना त्यांनाच ते नीट कळत गेलं. दोरा आणि बटणं मालकाच्याच कंपनीकडून दुप्पट भावाने यायची. मशीनं मालकाच्या बायकोची, त्यांचं भाडं कारखाना भरायचा. माल मालकाच्याच कंपनीला पाचव्या हिश्श्याच्या भावात जायचा. घेताना महाग, विकताना स्वस्त. असा धंदा केला तर कुबेराचंही दिवाळं निघेल.

 सगळं ऐकून घेतल्यावर धाकटी म्हणाली, “म्हणजे तोटा नव्हताच.”

“कागदावर होता.”

“दादा, माझी पोरगी कागदावर नाही रे मशीनवर बसली. खरोखरची बसली.”

 बायकोने हात पुढे करून नणंदेचा हात धरू पाहिला, पण धाकटी उठून उभी राहिली होती.

“स्टुलावर उभं राहून सांगायचास,” ती म्हणाली. “मी खालून बघायचे. वाटायचं, आपला भाऊ आहे, पोटात घालावं. परका कुणी असता ना, तर विचारलं असतं, दाखव हिशेब.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“तेच तर. तुला माहीत करून घ्यायचं नव्हतं.” दारातून ती वळली. “आता काय सांगणार आहेस तिकडे?”

“खोली जाईल,” मास्तर म्हणाले.

धाकटीने खोलीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि निघून गेली.

सुनावणी कर खात्याच्या इमारतीत होती. लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेली बाकं, पंख्याखाली फडफडणारे कागद. वकिलाने वाटेत मास्तरांना तीनदा पढवलं. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, स्वतः कापलेला. आत त्याच बाई बसल्या होत्या. त्यांनी ओळख दाखवली नाही, पण बसायला सांगितलं.

“भाव कुणी ठरवला?”

वकिलाने घसा खाकरला. मास्तरांच्या मनात सगळं तयार होतं. माल जुना, शिलाईत खोट, चूक झाली. तोंड उघडलंही. पण बाईंच्या टेबलावर कारखान्यातून नेलेला तो शर्ट ठेवलेला होता आणि मास्तरांची नजर त्याच्या बगलेच्या शिवणीवर गेली. ती शिवण कुणाच्या हातची हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. असली एकसारखी ओव्हरलॉक सबंध कारखान्यात एकटी धाकटीच मारायची.

“मी नाही ठरवला,” ते म्हणाले. “मला माप ठरवता येतं. भाव मालक ठरवतात. सगळ्याच कंपन्यांचे मालक तेच. मी फुलीवर सही करतो.”

वकिलाने वही मिटली. बाई लिहीत राहिल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, “सही वाचून करायची असते.”

“हो.”

“न वाचता केली तरी जबाबदारी सुटत नाही. तुमच्यावर दंड बसेल. पुढे काही वर्षं कुठल्याही कंपनीत डायरेक्टर होता येणार नाही.”

“नकोच मला,” मास्तर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं की त्यांनी विचारायला नको ते विचारलं. “बाई, मग आता खरा भाव धरणार तुम्ही?”

“धरला. परक्याला विकला असता तर जो आला असता तो. त्या हिशेबाने कारखान्याला दर वर्षी चांगला नफा झालाय.”

“नफा झालाय ना!” मास्तर पुढे सरकले. “मग बायकांचा वाटा? करारात आहे, नफा झाला तर वाटा. आता तुम्हीच म्हणताय झाला म्हणून. मग तेवढं त्यात लिहा ना.”

बाईंनी प्रथमच पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं आणि शब्द निवडून बोलल्या. “हा नफा आम्ही धरलाय, मास्तर. करापुरता. सरकारचा जो कर बुडाला तो वसूल करण्यापुरता. पैसा प्रत्यक्षात कारखान्यात आलेलाच नाही, तो दुसऱ्या कंपनीत आहे. तुमच्या कराराचं आमच्या खात्यात येत नाही.”

“मग कुठल्या खात्यात येतं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

व्हरांड्यात वकील पुढे निघून गेला होता. मास्तर बाकावर बसून राहिले. नफा झाला होता, सरकारने छातीठोकपणे सांगितलं होतं. फक्त तो करापुरता झाला होता.

मालक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वकिलाकरवी खात्याशी तडजोड केली, थोडं भरलं, थोडं सोडवून घेतलं. मग शिलाईच्या कंपनीला टाळं लावलं. कंपनीकडे होतं काय? मशीनं मालकाच्या बायकोची, जागा मालकाची, शिल्लक शून्य. बायकांची देणी त्या शून्यातून द्यायची होती, ती शून्यच दिली गेली. पंधरा दिवसांनी त्याच जागेत, त्याच मशीनांवर नवीन नावाची कंपनी सुरू झाली. जुन्या बायकांना परत घेतलं, पण नव्याने. काजवालीची उभी हयात तिथे गेली होती. तिला आता नवशिकीच्या दरावर बसवलं. जुनी वर्षं जुन्या कंपनीची, ती कंपनी गेली, तिच्याबरोबर वर्षंही गेली.

मास्तरांना कुणी बोलावलं नाही. कटिंगवर एक तरुण आणला. काही बायका रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवायच्या. काजवाली मात्र थांबली. “खरं बोललात म्हणे,” ती म्हणाली. मास्तरांना वाटलं, आता दोन शब्द बरे ऐकायला मिळतील. “आधी बोलायचं, मास्तर. नाहीतर बोलायचंच नाही. आमच्या नशिबी तुमचं गप्प राहणंही आलं आणि बोलणंही.”

हिशेबनीस येऊन खोली सोडायची चिठ्ठी देऊन गेला. देताना त्याने मान खाली घातली होती, पण चिठ्ठी दिलीच. मास्तर गावभर जागा बघत फिरले. भाडं ऐकून परत यायचे. ज्याने आयुष्यभर लागेल तेव्हा मागून घेतलं, त्याच्या गाठीला असणार काय? एका शिंप्याच्या दुकानात त्यांना कापायचं काम मिळालं. शिंपी परका माणूस होता. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “किती घ्याल?”  असं मास्तरांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी शिंप्यानेच आकडा सांगितला. तो मालकाकडच्या पगारापेक्षा जास्त होता. मास्तरांना त्याचा आनंद मात्र झाला नाही.

सामान बांधायला काढलं त्या सकाळी धाकटी आली. त्या संध्याकाळनंतर ती उंबऱ्याला शिवली नव्हती. वहिनीची भांडी पोत्यात भरलेली होती, पलंगाची गादी गुंडाळलेली होती. धाकटीने सगळं पाहिलं आणि पोत्याची दोरी सोडायला लागली.

“काय करतेस?” मास्तर म्हणाले.

“भांडी काढतेय. कुठे जायचं नाही. खोली माझ्याकडे आलीय.”

मास्तरांची बायको भिंतीला धरून उभी राहिली. मास्तरांना आधी कळेना. मग कळलं, तसे ते पोत्यावरच बसले.

“नव्या कंपनीत तुला डायरेक्टर केलं त्याने?”

“कालच. म्हणाला, तू मास्तरची बहीण, म्हणजे घरचीच. परक्याला कशाला करू? मी म्हटलं, मालक, घरचं-बिरचं राहू द्या. परकी समजा आणि भाव बोला.” धाकटी एकेक पातेलं फळीवर मांडत होती. “दर महिन्याला सहीचे पैसे वेगळे घेते. खोली बिनभाड्याची, वहिनी आहे तोवर. आणि काजवालीला जुना दर. एवढं स्टॅम्पवर लिहून घेतलं, तेही शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाईंकडून वाचून घेऊन. तू फुकट सह्या केल्यास दादा, मी भाव लावला.”

“धाकटे, उद्या तुलाही तिकडे बोलावतील. आता तर सगळं माहीत आहे आपल्याला. माझं तरी अज्ञान होतं.”

“बोलावू दे.”

“तुरुंगातसुद्धा—”

“दादा,” तिने पातेलं जरा जोरातच ठेवलं, “वहिनीला या श्वासात घेऊन तू कुठे जाणार होतास ते सांग. आहे जागा? नाही ना? मग गप बस.” पुढचं पातेलं पोत्यातून काढत म्हणाली, “उपकार करत नाहीये मी. तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. तो काही जात नाही.”

बायको रडू लागली तशी तिला खोकला आला. धाकटीने तिला पाणी दिलं, पाठ चोळली, पुन्हा पलंगावर गादी पसरून तिला निजवलं. मग पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन काढून ती मास्तरांसमोर जमिनीवर बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला.

“एक अडचण आहे. बँकेतला माणूस म्हणाला, सही दर वेळी सारखी आली पाहिजे. माझी येत नाही. शाळा सुटून किती वर्षं झाली. एकदा अशी येते, एकदा तशी. तुझी बरी येते. शिकव.”

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. ते नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? धाकटीने दुसऱ्या कुणाकडून शिकून घेतलं असतं. त्यांनी पेन घेतलं आणि कागदावर एक सरळ रेघ ओढली.

“या रेघेवर अक्षरं टेकव. पहिलं अक्षर मोठं काढ. हात उचलू नकोस मधे.”

धाकटीने जीभ दातांत धरून आपलं नाव लिहिलं. ते चढणीवर चढल्यासारखं गेलं. मास्तरांनी खाली दुसरी रेघ ओढली. तिने पुन्हा लिहिलं. पलीकडे कारखान्यात मशीनं सुरू झाली होती, भिंत बारीक थरथरत होती. मास्तरांनी तिच्या मनगटाखाली आपला हात धरला, लहानपणी पाटीवर धरायचे तसा.

“घाई नको,” ते म्हणाले. “पुन्हा काढ.”